नावाखालच्या दोन ओळी

रोशनी: फोन ठेवू नकोस. काही झालं तरी ठेवू नकोस. मी वेसाव्याच्या बंदरावर आहे, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात. एका हातात वायरलेस, एका हातात तू.

गंधाली: नाही ठेवत गं. पण मला अर्धंच कळलं. लहूकाकांची बोट कुठे आहे?

रोशनी: मढच्या अंगाला, खडकाच्या बाहेर. बाबा आणि आमचा धाकटा, कृणाल, दोघंच. बाकी खलाशी इथे गावातल्या हळदीला राहिले. जाळं काढून तासाभरात येतो बोलून गेले. इंजिन गरम होऊन बंद पडलं. पाणी खेचायच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी गेली होती, कृणालनं बुडी मारून काढली. इंजिन थंड झालं, सगळं ठीक आहे. पण तुमच्या कंपनीचं ते नवीन पॅनेल चालूच करू देत नाही. लाल दिवा आणि कुलपाचं चित्र.

गंधाली: लॉक झालंय. गरम झालं की ते स्वतःच बंद करतं.

रोशनी: ते आम्हाला दिसतंय. उघडायचं कसं ते सांग.

गंधाली: दुसरी बोट नाही का पाठवता येत ओढून आणायला?

रोशनी: ओहोटी आहे. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय, तिथे गुडघाभर पाणी. सगळ्या बोटी चिखलात बसल्यात. दोन वाजता पाणी भरेल तेव्हा निघतील, आत्ता साडेबारा वाजलेत. पोलिसांनाही कळवलंय, त्यांच्या बोटीला तास-सव्वातास लागणार. वारा बाबांना खडकाकडे ढकलतोय. अर्धा तास आहे यार आमच्याकडे, फार तर.

गंधाली: हेल्पलाइन?

रोशनी: 'आज रविवार, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' तीनदा ऐकलं. मग तुमच्या साइटवर गेले. इथल्या कॉम्प्युटरवर 'इंजिन लॉक' टाकलं. चौसष्ट पानं आली.

गंधाली: पहिलं वाच.

रोशनी: 'विभाग २.४. सावधान. हे काम केवळ प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. चुकीच्या हाताळणीमुळे गंभीर इजा होऊ' आणि टिंब टिंब टिंब.

गंधाली: दुसरं?

रोशनी: 'विभाग ५.१. सावधान. हे काम केवळ प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे.' तिसरं वाचू? तेच. चौथं, तेच. नंबर तेवढे वेगळे. कुठल्या पानात काय आहे ते बाहेरून सांगता येत नाही काय तुम्हाला?

गंधाली: थांब, मी पण इकडे उघडते.

रोशनी: तू कशाला उघडतेस? तूच लिहिलंस ना ते सगळं? सरळ पान नंबर सांग.

गंधाली: मी तिथे नाही आता. मार्चमध्ये सुटलं.

रोशनी: म्हणजे?

गंधाली: म्हणजे काढलं. चौघांना काढलं, त्यात मी. तुला सांगणार होते. ऑफिसचा लॅपटॉप गेला, पासवर्ड गेला. आता मला तेच दिसतं जे तुला दिसतं.

रोशनी: वाट लागली.

गंधाली: धवल अजून तिथे आहे, त्याच्याकडे सगळी यादी आहे. त्याला दुसऱ्या फोनवरून लावते. चालू राहा.

रोशनी: बाबा. बाबा, आयकता काय? गंधाली भेटली. फोटोवाली. ती शोधतेय. ओव्हर.

लहू: आयकतंय. तिला सांग जरा घाई कर. नांगर घसरतोय. खाली सगळा खडक हाय, धरीत नाय. मगाशी खडकापासून दोनशे वाव लांब होतो, आता दीडशे असंल. ओवर.

रोशनी: कृणाल ठीक आहे?

लहू: थंडी भरलीय त्याला, जाल्यावर बसलाय गुंडालून. बुडी मारून मारून दमलाय पोरगा. तू त्याच्याशी नको बोलू आता, तो रडंल.

गंधाली: धवल उचलत नाही. चारदा केला. मेसेज टाकलाय. रोशनी, 'कुलूप' टाकून बघ.

रोशनी: 'काहीही आढळले नाही.'

गंधाली: हां. मी 'कुलूप' लिहिलंच नव्हतं. 'प्रतिबंधित अवस्था' टाक.

रोशनी: काय?

गंधाली: प्रतिबंधित अवस्था. कुलपाला आम्ही ते म्हणायचो.

रोशनी: कोण बोलतं असं? बंदरावर एक माणूस दाखव मला प्रतिबंधित अवस्था बोलणारा.

गंधाली: टाक ना गं.

रोशनी: टाकलं. अडतीस पानं. आणि सगळ्यांखाली सावधान. सगळ्यांखाली तेच, गंधाली. अगं माझा बाप खडकावर चाललाय आणि हे मला अडतीस वेळा सावधान बोलतंय.

गंधाली: मला पण तेच दिसतंय. मी हे कधी या बाजूनं पाहिलंच नव्हतं.

रोशनी: कुठल्या बाजूनं?

गंधाली: बाहेरून. आमच्याकडे आत सगळ्या पानांची नावं असायची, मराठीत, स्वच्छ. बाहेर नंबर तेवढा जायचा. इथे बसून शोधायची वेळच कधी आली नाही माझ्यावर.

रोशनी: आता आलीय. एक काम करू. मी वरून उघडत येते, तू खालून ये. एकोणीस-एकोणीस.

गंधाली: ठीक. पण पान उघडल्यावर आधी इशारा येतो. दहा सेकंद थांबावं लागतं, मग 'वाचले व समजले' दाबायचं.

रोशनी: आलंय. दहा, नऊ, आठ… हे कुणाच्या डोक्यातून आलं?

गंधाली: आता नको ना.

रोशनी: आणि इथे नेटला जीव नाही. गोल गोल फिरतंय नुसतं. उघडलं. 'प्रतिबंधित अवस्थेची नोंद छापणे.' नोंद छापायची. बोटीवर. पुढचं.

गंधाली: माझं उघडलं. रंग बदलण्याबद्दल आहे. नाही. पुढचं.

रोशनी: बाबांना एकच गोष्ट हवी होती, साधं इंजिन. मी बोलले, नाही बाबा, हे पॅनेलवालं घ्या, गरम झालं तर आपोआप बंद होतं, जळत नाही. माझी मैत्रीण तिथे कामाला आहे, सगळं मराठीत आहे, काही अडलं तर शोधलं की मिळतं. मीच बोलले. तुझ्या भरवशावर बोलले.

गंधाली: माहीत आहे.

रोशनी: नऊ, आठ, सात… तू दोन दिवस आमच्या बोटीवर होतीस फोटो काढायला. आईच्या हातचे बोंबील खाल्लेस. बाबांनी तुला चक्कर आली तेव्हा लिंबू दिलं. मग एवढं साधं का नाही केलंस, की नावाखाली दोन ओळी खऱ्या लिहाव्या?

गंधाली: लिहिल्या होत्या.

रोशनी: काय?

गंधाली: लिहिल्या होत्या मी. शोधल्यावर नावाखाली जे दिसतं त्याला आम्ही झलक म्हणायचो. दोनशे बारा पानं होती. प्रत्येकाची झलक मी हातानं लिहिली होती, तीन आठवडे बसून. इंजिन गरम झालं तर, बॅटरी उतरली तर, पाणी शिरलं तर. साध्या मराठीत.

रोशनी: मग कुठे गेल्या त्या?

गंधाली: एक तपासणी झाली. तपासणीवाले म्हणाले, इशारा सगळ्यात आधी दिसला पाहिजे, शोधयादीतसुद्धा. विनिता, आमची मॅनेजर, म्हणाली सोमवारी सकाळपर्यंत पाहिजे. इशारा झलकेच्या जागेत टाकला की दोन ओळी भरतात, खाली काही उरत नाही. मी म्हटलं नंतर बघू. शुक्रवारी संध्याकाळी बसले आणि दोनशे बारा पानांवर तोच इशारा चिकटवला. माझ्याच ओळींवर.

रोशनी: आणि नंतर?

गंधाली: नंतर काही नाही. सहा महिने तसंच राहिलं. कुणी तक्रार केली नाही. मला वाटलं कुणी तक्रार करत नाही म्हणजे चालतंय.

रोशनी: तक्रार कोण करणार गंधाली? आमच्याकडे कुणी शोधत बसत नाही. बंद पडलं की ज्याला येतं त्याला हाक मारतात. आज हाक मारायला कुणी नाही म्हणून मी शोधायला बसले.

गंधाली: माझं बॅटरीचं पान निघालं. पुढचं उघडते.

रोशनी: उघडलं. 'वॉरंटीच्या अटी.' पुढचं.

लहू: रोशनी. शंभर वाव. आयकते काय? ओवर.

रोशनी: आयकते बाबा. शोधतोय आम्ही. थोडा वेळ.

लहू: वेल नाय बाय. बॅटरी पण उतरत चाललीय, चार वेला चावी मारली मी. त्या पोरीला इचार, तिनं हे करून घेतलेलं ना माझ्याकडून? गेल्या सालच्या थंडीत? मागं हात घालून काहीतरी दाबायला लावलेलं. काय आधी काय नंतर, तेवढंच सांग. मी करतो.

रोशनी: ऐकलंस ना? स्पीकरवर आहेस. बोल त्यांच्याशी, मी बटण दाबून धरते.

गंधाली: लहूकाका. मी गंधाली.

लहू: बोल बाय. लवकर बोल.

गंधाली: काका, तो आणीबाणीचा मार्ग आहे. पॅनेलच्या मागे एक रबरी झाकण आहे, काळं, त्याच्या आत बटण. ते दाबायचं आणि किल्ली मधल्या खुणेवर आणायची. पण आधी किल्ली की आधी बटण, ते मला खात्रीनं आठवत नाही.

लहू: अंदाज काय बोलतो?

गंधाली: अंदाजानं नको काका. क्रम चुकला तर पॅनेल सहा तास पूर्ण बंद होतं. मग काहीच करता येत नाही.

लहू: सहा तासात मी खडकावर चिंबोऱ्या पकडत असंन. अंदाज बोल. जे व्हायचं ते माझं होईल.

रोशनी: बोल गं. काहीतरी बोल.

गंधाली: मला वाटतं… नाही. मी नाही सांगणार.

रोशनी: गंधाली.

गंधाली: नाही सांगणार, रोशनी. माझ्या वाटण्यावर काका हात घालतील. मला दहा मिनिटं द्या. काका, दहा मिनिटं. चावीला हात लावू नका, वायरलेस पण कमी वापरा, बॅटरी राहू दे.

लहू: दहा. जास्त नाय.

रोशनी: तू नाही बोललीस. त्यांनी तुझ्याकडे मागितलं आणि तू नाही बोललीस.

गंधाली: शिव्या नंतर दे. किती झाली तुझी?

रोशनी: पाच. एका पानाला मिनिट जातंय. तुझी?

गंधाली: सात. मिळून बारा. अजून सव्वीस. नाही पुरणार असं. रोशनी, वाचू नकोस. वाचण्यात वेळ जातोय.

रोशनी: वाचू नको तर शोधू कशी?

गंधाली: फोटो बघ. त्या पानावर फोटो आहे, मी तुमच्या बोटीवर काढलेला. बाकी सगळे फोटो कंपनीनं स्टुडिओत काढलेत, पांढऱ्या कापडावर, पांढरे हातमोजे घालून. तो एकच खरा आहे. पॅनेलमागे गेलेला हात.

रोशनी: कुणाचा हात?

गंधाली: काकांचा. माझा हात तिथे पोहोचत नव्हता, मी त्यांना म्हटलं तुम्ही घाला. विनिता म्हणाली होती, हा हात नको, नखं काळी आहेत. मी भांडून ठेवला.

रोशनी: अक्षरं सोडते. नुसती सरकवते. हातमोजे. पुढचं. तीन, दोन, एक, वाचले व समजले, झालं समजलं. फोटो नाही. पुढचं.

गंधाली: हातमोजे. पुढचं.

रोशनी: चित्र आहे, हात नाही. बाहेर माणसं जमलीत. सगळे मला विचारतायत काय झालं. हळदीचा बँड बंद केला त्यांनी. आई दारात उभी आहे.

गंधाली: तिला आत घे.

रोशनी: ती येत नाही. वायरलेसकडे बघते आणि परत बाहेर जाते. हातमोजे. पुढचं. नेट गेलं. गंधाली, नेट गेलं.

गंधाली: फोन जोड. माझ्याशी बोलतेस तोच फोन, त्याचं नेट कॉम्प्युटरला दे. फोन ठेवू नकोस, बोलता बोलताच होतं ते.

रोशनी: देते. थांब. आलं. आलं परत. दहा, नऊ.

गंधाली: माझ्याकडे एक हात आहे. नाही, हातमोजा आहे. सॉरी.

रोशनी: सॉरी नको बोलू, पुढचं उघड.

गंधाली: उघडते.

रोशनी: चार, तीन, दोन. दाबलं. हे लांबलचक आहे. खाली, खाली, खाली. फोटो येतोय. अर्धाच आलाय अजून. वरचा भाग आलाय, काळं पॅनेल आणि गंजलेला खिळा.

गंधाली: खिळा? स्टुडिओत खिळा नव्हता.

रोशनी: येतोय. मनगट. काळा दोरा. गंधाली, करंगळी वाकडी आहे. दोरीत सापडून मोडलेली. हा बाबांचा हात आहे.

गंधाली: कुठला विभाग?

रोशनी: सात तीन.

गंधाली: उघडते मी पण. तू वाच, त्यांना वाचून दाखव. एक एक पायरी. ते 'झालं' म्हणाले की मगच पुढची.

रोशनी: बाबा. बाबा, मिळालं. तुमच्या हाताचा फोटो मिळाला. मी वाचते तसंच करा. एक. किल्ली पूर्ण बंद करा, बाहेर काढा, तीसपर्यंत मोजा.

लहू: काढली. मोजतंय. कृणाल, तू मोज मोठ्यानं. खडक दिसतोय बाय, फेस उडतोय त्यावर.

रोशनी: तिकडे बघू नका. मोजा.

लहू: तीस. झालं.

रोशनी: दोन. पॅनेलमागचं काळं झाकण काढा. आतलं बटण दोन बोटांनी दाबा आणि दाबूनच धरा. सोडू नका.

लहू: जागा अडचणीची हाय. हां. धरलं.

रोशनी: तीन. बटण धरून ठेवूनच किल्ली घाला आणि मधल्या खुणेवर आणा. लाल दिवा पिवळा होईपर्यंत थांबा. बटण सोडायचं नाही.

गंधाली: आधी बटण.

रोशनी: काय?

गंधाली: काही नाही. चालू दे.

लहू: चावी कृणालनं घातली. मधी आणली. लालच हाय अजून.

रोशनी: थांबा. पिवळा होईपर्यंत थांबा.

लहू: लालच हाय. लाल. नांगराची दोरी कापायला लागंल, इंजिन लागलं तर पंख्यात येईल ती. कृणाल, सुरी घे. पिवला झाला. बाय, पिवला झाला.

रोशनी: चार. आता बटण सोडा आणि किल्ली मारा. एकदाच मारा बाबा, बॅटरी नाही.

लहू: मारतंय.

गंधाली: रोशनी, काय झालं?

रोशनी: बोलू नकोस. ऐकू दे.

(वायरलेसवर नुसती खरखर. बऱ्याच वेळानं त्या खरखरीमागून इंजिनचा ठोका.)

रोशनी: बाबा? बाबा, बोला. ओव्हर. बाबा.

लहू: लागलं.

रोशनी: परत बोला.

लहू: लागलं, लागलं. नांगर सोडला, दोरी कापली. मागून एकदा घासली खडकाला, सुकाणूच्या अंगाला. आत पाणी नाय. बाहेर चाललोय, पाणी भरेपर्यंत लांब उभा राहतो. आईला सांग.

रोशनी: आई. आई, लागलं इंजिन. आत ये ना गं. दोघंही बरे आहेत.

गंधाली: देवा.

रोशनी: तिथेच बसली उंबऱ्यावर. बसू दे.

गंधाली: तू पण पाणी पी थोडं.

रोशनी: तू मगाशी काय बोललीस? 'आधी बटण'?

गंधाली: रोशनी, मला वाटत होतं आधी किल्ली. काकांनी अंदाज विचारला तेव्हा माझ्या तोंडावर तेच होतं. मी बोलले असते तर आधी किल्ली म्हणाले असते.

रोशनी: म्हणजे सहा तास.

गंधाली: हो.

रोशनी: मी तुला बोल बोल बोलत होते.

गंधाली: हो.

रोशनी: ऐक. मला तुझा राग आलाय. आज जाणार नाही तो. थोडे दिवस राहील.

गंधाली: राहू दे. मलाही माझा आलाय. इतकी काळजी घेतली की कुणाला इजा होऊ नये, आणि त्या काळजीच्या खालीच उपाय पुरून ठेवला मी. पासवर्ड असता तर आत्ता बसून सगळं बदललं असतं.

रोशनी: नाही ना पासवर्ड. धवल उचलेल तेव्हा उचलेल. वेसाव्यात हे पॅनेल किती बोटींवर आहे माहिती आहे? बाबांनी घेतलं ते बघून अकरा जणांनी घेतलंय. उद्या सगळ्या बाहेर जातील.

गंधाली: मग?

रोशनी: तू पुसलेल्या ओळी. आठवतात तुला?

गंधाली: सगळ्या नाही. पण यादी समोर उघडी आहे. एक एक पान उघडलं की आठवतील.

रोशनी: मग बस. इथे ऑफिसात हळदीच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा आहे, मागची बाजू कोरी आहे. तू सांग, मी मोठ्या अक्षरात लिहिते. अकरा बोटींच्या केबिनमध्ये चिकटवायचं. ओळ, आणि पुढे पान नंबर.

गंधाली: दोनशे बारा पानं आहेत गं.

रोशनी: पाणी भरायला तास आहे. मला कुठे जायचंय? आणि प्रतिबंधित बोलू नकोस.

गंधाली: नाही बोलत. घे. 'इंजिन गरम होऊन बंद पडलं, थंड झाल्यावरही पॅनेलवर कुलूप दिसतं आणि किल्ली लागत नाही, तर हे पान. आधी बटण, मग किल्ली.' सात तीन.

रोशनी: आधी बटण, मग किल्ली. सात तीन. लिहिलं. थांब, बघते चालतं काय. बाबा, आयकता काय? एक ओळ वाचते, कळली तर बोला. 'इंजिन गरम होऊन बंद पडलं, थंड झाल्यावरही पॅनेलवर कुलूप दिसतं आणि किल्ली लागत नाही, तर हे पान. आधी बटण, मग किल्ली.' ओव्हर.

लहू: कललं. येवढंच तर पायजे होतं, बाय. ओवर.